दोरीवरचं हिरवं पातळ

वरचा मळा
५ डिसेंबर २०२५

चि. सावळाराम यास,

मायना गुरुजींनी शिकवला तसाच लिहिला आहे. चिरंजीव म्हणवून घ्यायचं तुझं वय राहिलं नाही आणि म्हणायचं माझंही नाही. पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं ते गुरुजींनी सांगितलंच नव्हतं.

भिमा पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचून हसला. म्हणाला, "तात्या, बांधावर उभं राहून नुसतं खाकरला असता तरी खालच्या मळ्यात पोचलं असतं. आता ह्ये बारामतीला जाणार, शिक्का खाणार, आन परत तुमच्याच दारावरनं मला आणावं लागणार." मी म्हटलं, आण बाबा. बांधावरून हाक मारली तर तू ओ देत नाहीस. फोन केला तर "कोण?" म्हणतोस, आणि मी "दादा" म्हटलं की तिकडून बंद. पत्र बंद करता येत नाही. फार तर न वाचता ठेवशील, पण घरात तर राहील.

लिहायला कारण झाली आमची सून माधवी. रणजितच्या बायकोनं गेल्या साली बारामतीतल्या एका स्टुडिओवाल्याचा जुना कॅमेरा आणला. त्याचा स्टुडिओ बंद होत होता. मला वाटलं, आता ही मोरगावच्या देवळाचे आणि मावळत्या सूर्याचे फोटो काढणार. तर नाही. ही घरातलेच फोटो काढते, आणि तेही आपण कामात असताना. "बघा इकडं" म्हणत नाही. कधी काढला ते कळतही नाही. संध्याकाळी जेवणं झाली की फोटो टीव्हीवर लावते. पूर्वी त्या वेळेला मालिका लागायची, आता आम्हीच लागतो.

काल तुझी वहिनी मुक्ता लागली होती. भेंडी तोडताना हाताला खाज सुटते म्हणून ती रणजितचे शाळेतले जुने पायमोजे हातात घालते, तुला माहीत आहे. फोटोत तोंड नाहीच. नुसते ते दोन भोकं पडलेले मोजे, एका भोकातून बाहेर आलेला अंगठा, आणि त्या अंगठ्याखाली भेंडीचं पिवळं फूल, न मोडलेलं. सावळा, इतकी वर्षं हा हात माझ्या ताटात भाकरी टाकतोय, आणि तो फुलाला इतक्या बेतानं बाजूला करतो हे मला त्या पडद्यावर दिसलं. मी मुक्ताला म्हटलं, "तू कविता आहेस." ती म्हणाली, "मोजं फाटल्यात तेवढं आणा बाजारातनं, मग करा कविता."

परवा रणजित लागला. बाजारात माल उतरवून आला आणि टेम्पोत रिकाम्या क्रेटवरच झोपला. कानावर पेन तसंच. गालावर क्रेटच्या जाळीचे चौकोन उमटलेले. लहानपणी पाटीवर डोकं ठेवून झोपायचा, तेव्हा गालावर उलटी बाराखडी उमटायची, तसाच दिसत होता. घरातल्या माणसाला आपण रोज बघतो म्हणजे बघतच नाही की काय, असं मला वाटायला लागलंय.

माधवीला एकदा विचारलं, हा नाद लागला कसा? ती म्हणाली, "माझ्या लग्नापासून, तात्या." मला कळलं.

त्या लग्नाचं तुला आठवतंच. फोटोवाला स्टेजवरून "घरची माणसं या, घरची माणसं या" म्हणून ओरडत होता आणि तू मंडपाच्या मागं पंगतीत आमटी वाढत होतास. घरचं कार्य म्हणून सकाळपासून बादली खाली ठेवली नव्हतीस. तुला बोलवायला पोरगं धाडलं, ते जिलबीच्या ताटापाशीच अडकलं, आणि फोटोवाल्याला पुढचं लग्न गाठायचं होतं. अल्बम आला त्यात परकी माणसंसुद्धा होती. तू नव्हतास. त्या दिवशी ओट्यावर अल्बम मिटवून तू म्हणालास, "घरच्या फोटुत मी न्हाय, म्हंजी घरात मी न्हाय." ते आपलं शेवटचं बोलणं.

माधवी म्हणते, "जो काम करतो तो फोटोत येत नाही. म्हणून मी कामाचेच काढते."

बायकांच्या वाट्या अजून बांध ओलांडतात एवढं बरं आहे. काल कुशाबाईंकडून आलेलं कारळ्याचं तिखट खाल्लं.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहायचं होतं, पण खोटं कशाला लिहू.

तुझा दादा,
सर्जेराव


वरचा मळा
२२ डिसेंबर २०२५

चि. सावळाराम यास,

उत्तर नाही. पण पत्र पोचल्याचा पुरावा माझ्याकडे आहे, तोही रंगीत.

भिमा तुझ्या दारात आला तेव्हा माधवी आमच्या ओट्यावरून घेवड्याच्या शेंगा उन्हात कशा दिसतात ते बघत होती. तिनं कॅमेरा तिकडं वळवला. फोटोत भिमा सायकलवर एक पाय टेकून, तू पत्र घेऊन उभा. पाकीट उलटं धरलंस. आणि तोंड गोठ्याकडे. मुक्ता म्हणाली, "भावजींचा राग बघा, पत्र सुदिक सुलटं धरवंना."

मोरगावला चतुर्थीच्या रांगेतही तसंच केलंस. माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. मी "सावळा" म्हणणार, तेवढ्यात तू थेट माझ्याकडं पाहिलंस आणि माझ्या पलीकडचं झाड बघितल्यासारखं बघून पुढं गेलास. कुशाबाईंचा हात धरून. या वयात बायकोचा हात धरून देवाला जाणारा माणूस आपल्या भावकीत पहिलाच. राग आला तसं कौतुकही वाटलं. चला, माझ्याशी नसेल, घरात तरी गोडी आहे.

तू रागाव. मी फोटो सांगायचे थांबवणार नाही.

सकाळी धारा काढून झाल्यावर रणजितची छकुली कासंडीत डोकावते. स्वतःचं तोंड फेसात दिसतं का बघते. माधवीनं ते नेमकं धरलं. कासंडीच्या काठावर दोन वेण्या लोंबताहेत आणि आत पांढरंशुभ्र. मला लोणी भापकरची शाळा आठवली. आपण दोघं हौदात वाकून कविता म्हणायचो, आतून दुप्पट आवाज यायचा. तुला शब्द कधीच पाठ नसायचे, चाल पक्की. मला शब्द सगळे यायचे, चाल कधीच जमली नाही. गुरुजी टेबलावर तळवा आपटून ठेका धरायचे आणि म्हणायचे, "हे दोघं भापकरवाडीचे मिळून एक विद्यार्थी आहेत." दोघांना मिळून शाबासकी, दोघांना मिळून छडी.

आता माझ्याकडे नुसते शब्द पडून आहेत.

दुसरा एक फोटो. मुक्ता अंगणात सडा टाकतेय. पाणी हातातून सुटलंय आणि अजून जमिनीवर पडलेलं नाही. तेवढ्या वेळात पाण्याचा असा पंखा होतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या पंख्यातून मागं तुझा मळा दिसतो, विहिरीवरच्या मोटारीची पेटी दिसते, आणि पेटीजवळ दोरीवर वाळत घातलेलं कुशाबाईंचं हिरवं पातळ. माधवीला तो हिरवा ठिपका फार आवडला. "तो नसता तर फोटो कोरडा झाला असता," म्हणते. आता मुद्दाम त्या बाजूला तोंड करून काढायला लागली आहे. म्हणजे तुझ्या घराचं धुणंसुद्धा आमच्या टीव्हीवर लागतं. राग मानू नकोस.

आशीर्वाद आहेतच. ते परत करता येत नाहीत.

दादा


वरचा मळा
१० जानेवारी २०२६

कुशाबाईंस,

तुम्ही या घरात आल्यापासून आपण समोरासमोर एक शब्द बोललो नाही. थोरला दीर दिसला की डोईवर पदर आणि भिंतीकडे तोंड, ही आपल्याकडची रीत तुम्ही पाळलीत आणि मीही खाकरूनच अंगणात आलो. म्हणून हे लिहिताना हात अवघडतोय. मुक्ता हुरड्याच्या वाटीखाली हा कागद ठेवून पाठवते आहे. भिमाच्या हातून पाठवला नाही, कारण हा सावळाला वाचून दाखवायचा नाही. त्यानं विचारलं तर म्हणा, जाऊबाईंनी हुरडा कवळा हाय का विचारलंय.

आधीची दोन्ही पत्रं त्याला तुम्हीच वाचून दाखवलीत, होय ना? चौथीपर्यंतचं शिक्षण तुम्ही वाया घालवलं नाहीत.

मला कसं कळलं ते सांगतो.

माधवीला घरच्या फोटोंचं कॅलेंडर करायचं आहे. बारामतीहून लहान लहान फोटो छापून आणले आणि सोप्यात अंथरले. चांगले एकीकडे, बरे एकीकडे. मग ती हसायला लागली. "तात्या, माझ्या सगळ्या चांगल्या फोटोंत मागं तेच हिरवं आहे." मी चष्मा लावला. भेंडीचा फोटो, मागं पातळ. भेंडी उपटून गवार लावली, मागं पातळ. रणजितनं टेम्पोला नवीन ताडपत्री टाकली, मागं पातळ. त्याच जागी, तीच घडी, तोच लोंबणारा पदर.

माधवी हसायची थांबली. "हे पातळ वाळतच नाही," ती म्हणाली.

मुक्ता कणीक मळता मळता उठून आली. "कुशा अशी गबाळी न्हाय," ती म्हणाली. "दिवस कलायच्या आत कपडं घडीत असत्यात तिचं."

मग आम्ही पातळ सोडलं आणि दोरी बघितली. प्रत्येक फोटोत थोडी थोडी दिसत होती, ती माधवीनं फोटो एकापुढं एक ठेवून जोडली. तुमच्या उंबऱ्यापासून निघते, तिथं टॉवेल. गोठ्याच्या खांबाला वळसा, तिथं गोणपाट. वैरणीच्या गंजीपाशी घोंगडीचा तुकडा. आणि मोटारीच्या पेटीपाशी शेवटी हिरवं पातळ. तिथं दोरी संपते. कारण पुढं विहीर आहे आणि विहिरीला कठडा नाही.

वाळत घालायला कोणी दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधत नाही, कुशाबाई. ती हाताच्या उंचीवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या अंगणातल्या लिंबाआड उभा राहिलो. सावळा बाहेर आला. डावा हात दोरीवर. टॉवेल लागला तसा पायरी उतरला. गोणपाट लागलं तसा म्हशीशी बोलला. घोंगडी लागली तशी वैरण उचलली. पातळाला हात लागला आणि तो जागच्या जागी थांबला. चालणं इतकं सरळ होतं की दुरून कोणालाही वाटावं, माणूस धुणं चाचपतोय. तुम्ही मागं दोन पावलांवर होतात. हाताला धरत नव्हतात. नुसत्या होतात.

मी लिंबाला टेकून उभा राहिलो तो मुक्ता बोलवायला येईपर्यंत.

शाळेत असल्यापासून मी कविता वाचतो. पण टॉवेल, गोणपाट, घोंगडी, पातळ, अशा चार ओळींत आंधळ्या माणसाला त्याचा अख्खा मळा परत देणारं कोणी माझ्या वाचनात आलं नाही. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला हात जोडायची रीत नाही. कागदावर जोडतो.

मोरगावच्या रांगेत तो माझ्याकडे बघून पुढं गेला, पाकीट उलटं धरलं, फोनवर "कोण?" म्हणाला, त्या सगळ्याचा राग मी भलत्याच खुंटीला टांगला होता.

आता सांगा, डॉक्टरला दाखवलंय का? आणि तुमच्या ज्ञानेशला माहीत आहे का?

सर्जेराव


(वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून तिच्यातून शेंगदाण्याचे लाडू आले, त्यांच्याखाली हा कागद होता.)

१२ जानेवारी

थोरले भावजी यांस कुशाबाईचा नमस्कार.

अक्षर बघून हसू नका. जाऊबाईंना वाचायला द्यावे, त्यांना माझं अक्षर लागतं.

डॉक्टरला दाखवलं न्हाय. ह्ये जातच न्हाईत. आधी धुरकट दिसायचं, ह्ये म्हणायचे कारखान्याचा धूर हाय. मग ऊस आन माणूस सारखंच दिसाय लागलं. आता उजेड कळतो तेवढाच.

ज्ञानेशला सांगितलं न्हाय. त्यो वर्सभर म्हणतोय, मळा दुसऱ्याला कसाया द्या आन माळेगावला माझ्या क्वार्टरात चला, तितं बसून खावा. डोळं गेल्यालं कळलं तर एका दिवसात न्हेईल. ह्ये म्हणत्यात, "कुशे, हितं मला समदं दिसतंय. तितं गेलो की मी आंधळा." मला ते पटलं. म्हणून दोरी बांधली. बाहेरच्याला दिसू नये म्हणून कपडं टाकली. पातळ माझ्या माहेरचं हाय, जाड काठाचं, हाताला पटकन लागतं.

पत्रं मीच वाचते. पयलं वाचलं तवा ह्ये म्हणाले, पुरे. मी घडी घातली. दुपारी म्हणाले, "त्यो भेंडीच्या फुलाचा भाग परत वाच." चार येळा वाचला.

दुसरं पत्र आलं तवा ह्येंनी विचारलं, "दादाला काय कळलंय का?" मी न्हाय म्हणाले. तवा खरंच कळलं नव्हतं तुमाला.

एक भीती हाय. ह्ये आता पातळाच्या पुढं जाया बघतात. हाताला काय लागत न्हाय तरी दोन पावलं टाकून बघतात. मी इचारलं कुठं, तर बोलत न्हाईत. तिकडं हीर हाय. आन हिरीच्या पलीकडं तुमचा बांध.

काय करावं ते तुमी ठरवा. मी करीन.

कुशाबाई


वरचा मळा
२७ जानेवारी २०२६

सावळा,

उद्या आम्ही तुला घेऊन बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाणार. त्याच्या आधी त्या सकाळचं लिहून ठेवतो. तू तिथं होतास, पण तुला दिसलं नाही. मला दिसलं, पण डोळे भरले म्हणून नीट दिसलं नाही. माधवीच्या कॅमेऱ्याला दिसलं. तेव्हा तिचे फोटो समोर ठेवून लिहितोय आणि कुशाबाई तुला वाचून दाखवतील.

पहिला फोटो. पहाट सरली आहे. मोटारीच्या पेटीला मी नवीन दोरी बांधतोय. माझी पाठ आणि धोतराचा सोगा एवढंच दिसतं. पेटीपासून दोरी विहिरीकडे न जाता डावीकडे लांबून वळवली. रणजितनं मध्ये बांबू ठोकले. बांध ओलांडून ती आमच्या अंगणातल्या लिंबापर्यंत आणली. मुक्ता ओरडली, "घट्ट बांधा, भावजी काय पतंग न्हाईत." मी म्हटलं, ही माझ्या बापाची, आबांची गाठ आहे, बैल सुटला तरी गाठ सुटायची नाही.

दुसरा. तू. डावा हात दोरीवर. टॉवेल, गोणपाट, घोंगडी झालं. हात हिरव्या पातळावर आहे. तू रोजच्यासारखा थांबला आहेस. मागं कुशाबाई. त्यांनी पदर दातात धरला आहे.

तिसरा. हा मला सर्वांत आवडतो, माधवीलाही. नुसता तुझा हात. पातळाखालून पुढं सरकलेला आणि गाठीवर आलेला. बोटं गाठीचा पीळ मोजताहेत. कॅमेऱ्याला आवाज येत नाही, म्हणून तो मी लिहितो. तू म्हणालास, "कुशे, ही गाठ तुझी न्हाय." तू परत बोटं फिरवलीस आणि म्हणालास, "ही दादाची हाय. आबांनी दोघांस्नी शिकवली, पर दादा शेवटाला एक पीळ उगंच जास्तीचा देतो. कवितावाला."

चौथा फोटो हललाय. तुझं पाऊल पातळाच्या पुढं पडलं आहे.

पाचव्यात तू बांधावर आहेस. चढावर तू चाल गुणगुणायला लागलास. शब्द नव्हते. मला आपोआप आले. छकुली म्हणते, "आजोबा, तुमी एवढं मोठ्यांदा का म्हणत होता?" मोठ्यांदा नको म्हणू तर काय करू? तुला कुठं यायचं ते कळायला नको?

सहावा, लिंबाखालचा. दोरी तिथं संपली होती. शेवटी टांगायला जाड कापड सापडेना, म्हणून मीच उभा राहिलो. तुझा हात माझ्या खांद्याला लागला. तू खांदा चाचपलास, मग कान, मग टोपी. म्हणालास, "दादा, वाळलायस."

मी म्हटलं, "वाळत घातलं होतं ना एवढी वर्षं."

यावर मुक्ता हसली, कुशाबाई पदराआड हसल्या, आणि चहा उतू गेला. त्याचाही फोटो आहे.

ओट्यावर बसल्यावर तू माधवीला म्हणालास, "पोरी, माझा फोटू काढू नगो. आंधळ्याचा काय फोटू." आणि मग हळूच, बशीत फुंकर घालत विचारलंस, "तसा मी हाय का गं कुठल्या फोटुत?"

माधवी तुझ्यापुढं मांडी घालून बसली. म्हणाली, "काका, वर्षभर तुम्ही सगळ्यांत आहात. मागं. सासूबाई भेंडी तोडतात, मागं तुम्ही वैरण टाकताय. छकुली दूध बघते, मागं तुम्ही म्हशीला थोपटताय. तुम्हाला काढला तर घरचा एक फोटो उरणार नाही माझ्याकडे." तू बशी खाली ठेवलीस. तुझं तोंड त्या वेळी कसं होतं ते मी लिहीत नाही. फोटो आहे. तूच बघायचा आहेस तो.

मग डोळ्यांचं निघालं. तू म्हणालास, डाक्टर ज्ञानेशला सांगणार, ज्ञानेश मला न्हेणार. रणजित आत येता येता बोलला, "काका, डोळं न्हाईत म्हणून त्यो न्हेणार. डोळं आल्यावर त्यो तुमाला कशाला न्हेतोय? तितं म्हस कुठं बांधायची त्यानं? तुमी जाऊन या. तवर तुमच्या उसाच्या पाण्याची दारं मी धरतो." तू बशीच्या काठावरून बोट फिरवलंस. मग विचारलंस, "आन दुखतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. तू म्हणालास, "मग तू चल संगं."

मी येतोच आहे. सकाळी तयार राहा. दोरी धरून ये किंवा मी येतो.

दादा


वरचा मळा
२ मार्च २०२६

चि. सावळाराम यास,

हे पत्र कुशाबाईंनी वाचायचं नाही. त्यांना म्हणावं, चष्मा ठेवा आणि बसा. तू वाच.

भिमा आज पुन्हा हसला. "आता तर रोज एकमेकाच्या ओट्यावर बसता, तरी टपाल कशापायी?" मी म्हटलं, माझ्या भावाला पाकीट सुलटं धरताना बघायचं आहे. माधवीला तयार ठेवली आहे. दार उघडशील तेव्हा जरा ओट्याकडे बघ.

दवाखान्यातलं तुला मी सांगायला नको. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू इतका पिकलेला की कोणी हात लावायचीच वाट बघत होता. दोन्ही डोळे एकेक करून झाले. पहिली पट्टी सुटली तेव्हा तू कोणाकडे बघितलंस, ते मला आठवतंय आणि कुशाबाईंनाही आठवतंय. त्यांचा चेहरा तू दोन वर्षांनी पाहिलास आणि म्हणालास, "तू पावडर लावलीयास व्हय?" बाई लाजल्या, डॉक्टरीणबाई हसल्या आणि मला उगीचच बाहेर जाऊन नळाचं पाणी प्यावंसं वाटलं.

ज्ञानेश आला तेव्हा दोरी अजून तशीच होती. तो उंबऱ्यापासून पेटीपर्यंत तिच्यावर हात ठेवून चालत गेला. डोळे मिटून. परत येऊन आईपाशी बसला. मग म्हणाला, "आई, तितं आमच्या क्वार्टरात दोरी बांधाया जागाच न्हाय." माळेगावचा विषय तिथंच संपला. पुढच्या रविवारी विहिरीच्या कठड्याचे दगड आणतोय.

सोबत कॅलेंडर पाठवतो. हात पुसून उघड. गेले तीन महिने मी तुला जे जे सांगितलं ते सगळं यात आहे. मोज्यातून आलेला अंगठा, रणजितचा गाल, पाण्याचा पंखा. नीट बघ आणि मी लिहिलं तसंच आहे का ते सांग. मुक्ता म्हणते, मी थोडं वाढवून लिहिलं असेल. असेलही. पण फूल मोडलेलं नाही, हे तू स्वतः बघ.

शेवटच्या पानावरचा फोटो माधवीनं काढलेला नाही. तो मी काढला. ती आम्हा सगळ्यांना टिपत हिंडते आणि तिचा स्वतःचा एकही नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला तुझी आमटीची बादली आठवली. छकुलीनं बटण दाखवलं. माधवी चुलीपाशी वाकून तुझ्यासाठी हुलग्याचं माडगं ढवळत होती. फोटोत तिची टिकली आली आहे, अर्धं कपाळ आलं आहे, माझं बोट आलं आहे आणि बाकी सगळा धूर. माधवीनं बघितला आणि डोळे पुसले. धुरानं, म्हणाली. तोच शेवटच्या पानावर टाकू म्हणाली.

आता एकच काम. कुशाबाईंना माझा निरोप सांग. समोर बोलायची आपली रीत नाही, म्हणून तुझ्या तोंडून. म्हणावं, ते हिरवं पातळ आता वाळलं आहे. काढून घ्या आणि नेसा.

दोरी राहू द्या. बांधापर्यंतचा तेवढा तुकडा तरी. मला अलीकडं सांजेचं जरा कमी दिसतं.

तुझा दादा